केळशीहून आलेली बरणी

जुनी आहे मी, पण कुचकामी नाही, हे आधीच सांगून ठेवते. मित्रांनो, मी केळशीची एक काचेची बरणी. वीस वर्षं मी एका घरात लोणचं सांभाळलं. ओल्या हाताने मला शिवायची कोणाची टाप नव्हती. पुढे त्या घरची नेत्रा रत्नागिरीच्या एका संशोधन केंद्रात लागली आणि मला सोबत घेऊन गेली. तिथे माझा मान संपला.

नेत्राने केळशीच्या खाडीत एक सूक्ष्म शेवाळ शोधलं होतं. धुरातला कार्बन खाऊन ते झपाट्याने वाढे, त्यातून तेलही निघे. तीन वर्षं राबून तिने अंगणातली टाकी हिरवीगार केली. त्यातलंच थोडं माझ्यात भरून मला खिडकीत ठेवलं. आमच्या साहेबांना शेवाळ आणि पालक यांतला फरक सांगता आला नसता, पण 'कार्बनमुक्त कोकण' असा फलक त्यांनी दारावर लावला होता.

एकदा मोठे पाहुणे शेवाळ बघायला यायचे होते. आदल्या दिवशी नेत्रा कामासाठी दापोलीला गेलेली. साहेबांनी केंद्र चकाचक करायचा हुकूम सोडला. शिपाई भिवाकाकांनी पायऱ्या घासल्या, मग ब्लीचिंग पावडर टाकून टाकीही घासली. सकाळी परतलेल्या नेत्राने रिकाम्या टाकीत डोकावून पाहिलं.

"काका, हे काय केलंत?"

"बाय, सायबान सांगितलान, हिरवं कायपण दिसता कामा नये."

साहेब डगमगले नाहीत. त्यांनी टाकीत पाणी भरून सरबताचा हिरवा रंग ओतला. पाहुणे सात गाड्यांतून आले, त्या रंगाला वा वा म्हणाले, टाळ्या वाजल्या. एसी थंड राहावा म्हणून गाड्या भाषण संपेपर्यंत चालूच होत्या. मला किळस आली.

आता तीन वर्षांची मेहनत फक्त माझ्या पोटात उरली होती. पाहुणे गेल्यावर साहेब हात धुऊन आत आले.

"ही घाण अजून इथे कशी?" म्हणत त्यांनी मला उचलायला हात पुढे केला.

"मिरचीचं लोणचं आहे, सर," नेत्रा म्हणाली. "आईने दिलंय."

साहेबांनी चटकन हात मागे घेतला. "अरे बापरे, माझा हात ओला आहे!"

त्या दिवसापासून माझ्यावर 'मिरचीचं लोणचं' अशी चिठ्ठी आहे. माझ्यातल्या शेवाळावर टाकी पुन्हा हिरवी होते आहे. मित्रांनो, ज्ञान जपा असं मी तुम्हाला सांगणार नाही, ते तुमच्याने व्हायचं नाही. माझ्याजवळ येताना निदान हात पुसून या.