महाराजांचा हिरवा हुक

वणीच्या त्या ट्रॉली कारखान्यात भरदुपारी अख्खं वर्कशॉप एका कॉम्प्युटरभोवती जमलं होतं. कीबोर्डला हळदकुंकू, मॉनिटरवर लिंबू. यंत्रगुरू इंद्रजित महाराज डोळे मिटून म्हणाले, "मशीनले दोष लागला हाय. ज्या फाइलनं पह्यलं यश देलं, तिचं दर्शन घ्या. मंग बटण दाबा."

मालक मधुसूदनरावांनी ट्रॉलीच्या गेल्या सालच्या हुकाची फाइल उघडली, हात जोडले, बटण दाबलं. तीन दिवस अडून बसलेली, हुकावरचा ताण काढणारी स्क्रिप्ट सरसर चालली. अहवाल आला: नवा हुक, ताण १८७.४, सुरक्षित. सगळं हिरवंगार. टाळ्या पडल्या.

मागं उभ्या इंजिनीअर पद्मजाला आताशा टाळ्यांचाही शीण यायचा. नव्या हुकाची पट्टी पातळ होती. उद्यापासून त्या हुकाला जोडलेल्या ट्रॉलीत कापूस वेचणाऱ्या बाया बसणार होत्या, आणि ट्रॅक्टरवर अन्सारभाई.

"मॅडम, अहवालावर सही काहून करून नाही राह्यल्या?" अन्सारभाईंनीच विचारलं.

१८७.४ तिनं कुठंतरी पाहिला होता. तिनं गेल्या सालचा अहवाल काढला. तोच आकडा, दशांशासकट. तिनं कपाळाला हात लावला, कारण स्क्रिप्ट तिचीच होती. निकालाच्या फाइलचं नाव लिहायचं सोडून तिनं घाईत लिहिलं होतं, समोर जी फाइल उघडी असेल तिचा सर्वांत मोठा ताण काढ. समोर काहीच नसलं की स्क्रिप्ट अडायची. दर्शनासाठी जुना हुक उघडला, तर स्क्रिप्टनं त्याचाच ताण काढून वर नव्याचं नाव टाकलं.

"महाराज, लिंबू उचला," पद्मजा म्हणाली. तिनं पाण्याच्या टाकीची फाइल उघडून बटण दाबलं. अहवाल आला: नवा हुक, ताण २२, सुरक्षित.

"हे त टाकी हाय न," अन्सारभाई म्हणाले.

"श्रद्धा नसली की यंत्र भरमते," महाराज पुटपुटले.

पद्मजानं स्क्रिप्टमध्ये नव्या हुकाच्या फाइलचं नाव घातलं. ताण ३४१. लालभडक.

"पण महाराजाच्यानं चाललं त होतं," मधुसूदनराव म्हणाले.

"फाइल उघडली म्हणून चाललं, मालक." तिला रागही येईना, नुसती भीती वाटत होती. "चूक माझी. पण तीन दिवस तुम्ही लिंबू शोधलं, मला एकदा विचारलं नाही. हिरवं दिसलं की हात जोडू नका. आधी विचारा, हा आकडा कोणाचा?"

 अन्सारभाईंनी बाहेर जाऊन पाना घेतला आणि ट्रॉलीचा नवा हुक खोलायला बसले.