नवलसाहेबाची चाल

शकुनबाईला खोटं मारता येत नसे, म्हणून भैय्याजीनं गोऱ्या साहेबाचं काम सोडलं, आणि तेही मंडई तोंडावर आलेली असताना.

दिवाळी सरली की झाडीपट्टीत गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते, आणि मंडईला दंडार, म्हणजे नाचगाण्याचं नाटक, लागतेच. बाकीच्या पार्ट्यांत बाईचं काम गडी मिशा काढून करतात. सानगडीच्या मारोतरावाच्या पार्टीत मात्र खरी बाई होती. वय पन्नाशीचं, आवाज असा की तळ्याच्या या पाळीवरून हाक मारली तर त्या पाळीवरची बैलं थांबत. तिचा एक प्रवेश लोक पाठ असून पुन्हा पुन्हा बघत. शेतसारा मागायला गोरा साहेब येतो आणि शकुनबाई त्याला फड्यानं झाडून काढते. फडा घरचाच, अंगण झाडायचा.

"मी माणूस हावो, कापसाची गादी नाई," पाठीवरचे वळ दाखवत भैय्याजी म्हणाला आणि तोंडाची पावडर पुसून घरी गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिरणीमागच्या पडवीत तालीम चालली होती, साहेबाशिवायच. शकुनबाई एका खांबाला फडा मारून वेळ भागवत होती. तेवढ्यात रस्त्यावर एका भाड्याच्या गाडीचं चाक बसलं. गाडीतून एक उंच, वाळका, लालबुंद म्हातारा उतरला. डोक्यावर हॅट, पाठीवर लांबट पेटी. नत्थूची ढोलकी ऐकून तो सरळ आत आला आणि खाली बसला.

मारोतरावानं त्याच्याकडं पाहिलं, मग खांबाकडं, मग वर आभाळाकडं हात जोडले. बिनपावडरचा साहेब!

शकुनबाईची भाची दीपमाला साकोलीला कॉलेजात होती. तिला पुढं ढकलण्यात आलं. म्हाताऱ्याचं नाव नेव्हिल. इंग्लंडातून नागझिऱ्याला वाघ बघायला आला होता आणि रोज पहाटे उठून फक्त माकडं बघून परतत होता.

"नवल," मारोतराव म्हणाला. त्याला नेव्हिल म्हणता आलं नाही, पुढं कुणालाच आलं नाही.

"पेटीत काय हाय, इचार त्याले."

"फिडल म्हणते, मामा."

"पिठलं?" नत्थूनं ढोलकी थांबवली.

"फिडल. म्हणजे व्हायोलिनच. पण कोट घालून वाजवलं तं व्हायोलिन, अन् स्वेटर घालून वाजवलं तं फिडल, असं म्हणते."

मग नवल बोलायला लागला आणि थांबेचना. बऱ्याच वर्षांत त्याला कुणी काही विचारलं नसावं, असं शकुनबाईला वाटलं. दीपमाला ऐकून घ्यायची आणि एका वाक्यात मोकळी व्हायची.

"म्हणते, याचा आजा मेंढ्या राखे. वाजवाले त्यानंच शिकवलं."

"एवढं लंबं बोलला अन् एवढंच?"

"बाकी गावांची नावं होती वं मावशी."

नवलनं जन्मभर लग्नांत, दारूच्या गुत्त्यांत आणि मेंढ्यांच्या बाजारात वाजवलं. त्याच्या वाजवण्यावर लोक नाचले, पण त्याच्याकडं कुणी पाहिलं नाही. त्याची एक पार्टीसुद्धा होती. ती मोडली, कारण पार्टीतला पेटीवाला त्याच्या बायकोला घेऊन पळाला.

नत्थूनं हळूच बाबुलालकडं पाहिलं. बाबुलाल आपल्या पार्टीचा पेटीवाला.

"माह्याकडं कायले पाहून राहिला बे?" बाबुलाल भडकला. "मी कोठं पळालो?"

पुढचं सांगताना नवलचा आवाज बारीक झाला. एका मोठ्या जलशात त्यानं आजाची चाल वाजवली. तिथं एक कोटवाला पंडित होता. तो सगळ्यांदेखत म्हणाला, तुम्ही चुकीचं वाजवता, पुस्तकात ही चाल वेगळी आहे.

"मंग यानं का केलं?"

"वाजवणंच सोडलं म्हणते. कित्येक वर्षं. आता बुढापा आला, घरी कोणी नाई, म्हणून पेटी घेऊन फिरून राहिला."

शकुनबाईला त्या पंडिताचा राग आला आणि या म्हाताऱ्याचा त्याहून जास्त. एवढ्याशासाठी वाजवणं सोडतात का? तिला तर मंडईत लोकांनी शेंगांची टरफलं फेकून मारली होती. तिनं ती उचलून परत मारली होती.

"वाजवून दाखव म्हणा," ती म्हणाली.

नवलनं वाजवलं. चाल ठेंगणी, चपळ, करडासारखी उड्या मारणारी. तिसऱ्या ओळीत एकदम वर चढायची आणि तिथंच लटकून राहायची. नत्थूच्या बोटांनी आपोआप ताल धरला.

साहेबाचं काम करायला तो तयार झाला, पण एका अटीवर. मार खाण्याआधी ही चाल वाजवू द्यायची.

"सारा मांगाले येणारा साहेब सारंगी वाजवत येते काय?" मारोतराव कुरकुरला.

"येऊ दे गा," शकुनबाई म्हणाली. "मले काय, मागून मारायचंच हाय."

पहिला खेळ दिघोरीच्या मंडईत, भर दुपारी. नवल वाजवत आला. समोर हजारभर माणसं जिलेबी खात होती. पोरं पिपाण्या फुंकत होती. चाल अर्धी झाली नाही तोच लोक ओरडायला लागले, "फडा! फडा!"

शकुनबाईनं फडा घेतला. पहिल्या तडाख्याला हॅट उडाली, दुसऱ्याला साहेब उडाला. तो फिडल छातीशी धरून सगळ्या मांडवात पळाला आणि बायाबापड्या उभ्या राहून ओरडल्या. खेळ संपल्यावर त्याला चारदा वर बोलावलं. लोकांनी खांद्यावर घेतलं, एका आजीनं पाठीला हळद लावून दिली.

"का म्हणते? दुखून राहिलं का?" शकुनबाईनं विचारलं. तिला जरा अपराधी वाटत होतं, पण फार नाही.

"दुखते म्हणते. पण सांगते, सारी जिंदगी वाजवलं, कोणी वापस बोलावलं नाई. इथं मार खाल्ला तं चार डाव बोलावलं."

मग काय, गावोगावची आमंत्रणं आली. पोस्टरवर फडा छापला, त्याखाली नवलसाहेब. मारोतरावानं घरातली एक खोली झाडून दिली. वाघाचा विषय निघेनासा झाला. चाल मात्र कुणीच ऐकत नव्हतं. ऐकत होती एकटी शकुनबाई, कारण पडद्याआड फडा धरून उभं राहायचं म्हणजे दुसरं करणार काय?

ती चाल तिच्या डोक्यात शिरली. धान कापताना, भारे बांधताना ती गुणगुणायला लागली. गुणगुणता गुणगुणता शब्द चिकटले.

"साहेब आला सारा घ्याले, सारंगी घेऊन हाती,
घरी नाई दाना बाप्पा, घेऊन जाय माती."

फक्त तिसऱ्या ओळीत वर लटकणं तिला पटेना. भारा डोक्यावर असताना एवढं वर कोण जातं? तिनं ती ओळ खाली आणली आणि मध्ये नत्थूसाठी एक ठेका मोकळा सोडला.

सानगडीच्याच मंडईत, कुणाला न सांगता, नवल वाजवायला लागताच ती गात पुढं आली. पिपाण्या थांबल्या. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा पुढच्या रांगेतल्या बाया म्हणायला लागल्या. तिसऱ्यांदा अख्खा मांडव, "घेऊन जाय माती!"

नवलनं वाजवणं थांबवलं. पडद्याआड गेल्यावर तो नेहमीपेक्षा लाल झाला होता आणि हातवारे करत होता.

"चुकीचं हाय म्हणते," दीपमाला दबकत म्हणाली. "आजाची चाल बिघडवली. तिसऱ्या ओळीत वर जावं लागते, खाली नाई."

शकुनबाईनं कमरेला पदर खोचला. "त्याले इचार, आजानं कोठून आणली होती?"

"एका घोडे विकणाऱ्यापासून ऐकली म्हणते."

"अन् त्या घोडेवाल्याले आजाचं वाजवणं पसंत पडलं का?"

दीपमालानं विचारलं. नवल खाली बसला. हळू आवाजात काहीतरी बोलला.

"म्हणते, आजा सांगे... चाल बिघडवली म्हणून घोडेवाला त्याच्यामागं चाबूक घेऊन धावला होता."

नत्थू आधी हसला, मग बाबुलाल. नवल हसला नाही. दोन्ही हातांनी तोंड झाकून तो बसून राहिला, आणि बोटांमधून त्याचा आवाज आला.

"म्हणते, मी आता त्या कोटवाल्यासारखा बोललो. माफी मांगून राहिला, मावशी."

शकुनबाईनं त्याला गरम चहा आणि वाटीभर पोहे आणून दिले, आणि म्हणाली, "खाय."

पण सुधारला म्हणावं तर तसंही नाही. पुढच्या गावात ती खाली गायली आणि तो मुद्दाम वर वाजवत राहिला. ती आणखी मोठ्यानं खाली, तो आणखी वर. नत्थू मध्ये सापडून घामाघूम. लोकांना वाटलं हे भांडण खेळातलंच आहे. त्यांनी टाळ्या पिटल्या. शेवटी मारोतरावानं निकाल दिला. आधी बाईची चाल, आणि फडा पडायला लागला की पळता पळता साहेबाची. पळताना वर जायला काही हरकत नव्हती, कारण मार खाणारा माणूस वरच्या पट्टीतच असतो.

व्हिसा संपला तेव्हा नवल गेला, पण पुढच्या दिवाळीला परत आला, आणि त्याच्या पुढच्याही. तोपर्यंत ते गाणं लाखांदूरकडं पोचलं होतं, शब्द बदलून. कुणी सरपंचावर म्हणे, कुणी जावयावर. साहेबाची चाल एवढंच नाव उरलं. ती कोणत्या साहेबाची, हे विचारणारं कुणी नव्हतं. नवलला हे कळलं तेव्हा त्यानं दीपमालाकडून पुन्हा पुन्हा खात्री करून घेतली आणि आजाची चाल लोकांच्या तोंडी गेली म्हणून दिवसभर गावात लाडू वाटले.

यंदा तो काठी टेकत आला. कंबरेचं ऑपरेशन झालं होतं, डॉक्टरानं फडा बंद केला होता. साहेबाचं काम आता गावातला एक पोरगा, भुपेंद्र, करतो, कोटाच्या आत पोत्याचे दोन थर घालून. नवल बाजूला बाबुलालशेजारी सतरंजीवर बसतो.

पहिल्या खेळात 'घेऊन जाय माती' आलं तसं त्यानं फिडल मांडीवर ठेवलं आणि गायला सुरुवात केली. आवाज फाटका, 'माती'चं 'माटी' झालेलं. मांडव हसून लोळला. शकुनबाई भुपेंद्रला मारायची विसरली आणि फडा खांद्यावर टाकून नवलबरोबर गायला लागली.