सेन्झीच्या गोठ्यावरची शिंगं

सप्टेंबर लागला की माझ्या दुकानात सगळे उजेड मागायला येतात. बंदुका त्यांच्याकडे असतातच, बापाच्या नाहीतर आजोबाच्या. हवी असते बंदुकीवर बसवायची दुर्बीण, आणि तीही अशी की सूर्य डोंगराआड गेला, झाडं काळी पडली, तरी हरणाचा केस न् केस दिसला पाहिजे. मोठे नर नेमके त्याच वेळी रानाच्या कडेला येतात, त्याला कोण काय करणार! दुर्बीण उजेड तयार करत नाही, असलेला गोळा करते, हे पुराण मी इतकी वर्षं लावलंय की आता माझं मलाच ऐकवत नाही. लोक मान डोलावतात आणि सगळ्यांत मोठ्या काचेकडे बोट दाखवतात. नवरा गेल्यापासून दुकानात मी आणि बुर्गल, अशा दोघीच. बुर्गल म्हणजे आमची कुत्री, जखमी जनावराचा माग काढणारी. तिचं नाक शाबूत आहे, गुडघे गेलेत. माझंही जवळपास तसंच.

त्या गुरुवारी दुकान बंद करायच्या बेतात होते, तेवढ्यात क्विरिन मामा आला. माझ्या आईचा भाऊ, सत्तरी कधीच ओलांडलेला. मला बंदूक धरायला त्यानेच शिकवलं. त्याने दुर्बीण बसवलेली रायफल टेबलावर ठेवली आणि टोपीही न काढता म्हणाला, "लिंडी, ही दुर्बीण आंधळी झालीय."

"दुर्बीण की तू?"

"जिभेला हाड नाही तुझ्या. थेट आईवर गेलीस."

"तिचा भाऊही काही कमी नाही. बस. कॉफी टाकू का?"

"कॉफी नको. ती मोठ्या काचेची दाखव. छप्पन्न मिलिमीटरची."

मामाला घाई का, ते सगळ्या खोऱ्याला माहीत होतं. आमच्याकडे कुणी आपल्या मनाने नर मारत नाही. गावचे शिकारी जमून ठरवतात, यंदा म्हातारा नर कुणाच्या वाट्याला. मामाच्या वाट्याला तो आला होता, आणि पुढच्या वेळी त्याचं नाव निघणार नाही हे कुणी बोललं नाही तरी सगळ्यांना कळत होतं. त्यातून म्हातारा समजून ऐन उमेदीतला नर पाडला, तर वसंतात खानावळीच्या दिवाणखान्यात सगळ्यांची शिंगं मांडतात तेव्हा तुमच्या शिंगांवर लाल खूण लागते. गाव बिअरचे पेले घेऊन ती बघायला येतं. मामाच्या शिंगांना जन्मात कधी लाल खूण लागली नव्हती.

मी दोन दुर्बिणी काढल्या. "हे बघ मामा, मोठ्या काचेतून उजेडाचा जाड झोत येतो. पोरांच्या डोळ्याची बाहुली अंधारात तेवढी उघडते, सगळा झोत आत घेते. तुझी आता अर्धीमुर्धीच उघडते. बाकीचा उजेड पापणीवर सांडायचा. फुकट ओझं वाहशील."

"मग मला काय देतेस? चष्म्याची काच?"

"ही धाकटी. हलकी आहे, सहापट मोठं दाखवते, तुझ्या डोळ्याला पुरे. आतली नेम धरायची फुली जाड दांड्यांची घे, बारीक रेघा अंधारात विरघळतात. मधला लाल ठिपका हवा तर असू दे, पण मंद ठेव. भगभगीत केलास तर डोळा ठिपकाच बघत बसतो आणि हरीण जातं निघून."

"म्हाताऱ्यांची दुर्बीण."

"हो, म्हाताऱ्यांची. मीही तीच वापरते."

बाहेर पुरेसं अंधारून आलं होतं, म्हणून मी त्याला मागच्या दाराशी नेलं. दुर्बीण घेणाऱ्या प्रत्येकाला मी तिथे नेते. समोर कुरण, कुरणापलीकडे सेन्झीचा गोठा. सेन्झी माझी शेजारीण. दाराच्या चौकटीला टेकून गोठ्याकडे बघायचं आणि काय दिसतं ते सांगायचं, एवढीच परीक्षा.

मी काही विचारायच्या आत मामाने मोठी दुर्बीण डोळ्याला लावली. "अहाहा! बघ, याला म्हणतात दुर्बीण. शिंगं कशी लख्ख दिसताहेत. बारा टोकं. डावीकडचं खालचं मोडलेलं."

गोठ्याच्या भिंतीवर बारा टोकांची शिंगं होती खरी. मामानेच तो नर मारला होता आणि सेन्झीच्या लग्नात शिंगं भेट दिली होती. पण इस्टरला तिने भिंत रंगवायला ती उतरवली, ती अजून तिच्या पडवीत पडली होती. तेव्हापासून मी गिऱ्हाइकांना दाराची कडी शोधायला लावते. मामा खोऱ्याच्या पलीकडच्या अंगाला राहतो, त्याला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं.

"आता धाकटीतून बघ," मी म्हटलं.

"हं. यातही दिसतात की. बरी आहे तुझी म्हातारी."

दुकानदार म्हणून मी तोंड बंद ठेवू शकले असते. लोकांना नको ते सांगून सांगून मी दमले होते, आणि हा तर माझा मामा. पण त्याच्या हातात उद्या रायफल असणार होती. "मामा," मी म्हटलं, "शिंगं नाहीत तिथे. उतरवलीत."

"काहीतरीच काय!"

"चल, हात लावून बघ."

कुरण ओलांडायला आम्हाला फार वेळ लागला. तो थांबत होता, मीही थांबत होते. गोठ्याशी पोचल्यावर त्याने हात उंचावून भिंत चाचपली. नव्या रंगात स्क्रूची दोन भोकं राहिली होती. त्यांत त्याने एकेक बोट घातलं आणि तसाच उभा राहिला. आत गायी रवंथ करत होत्या.

भिंतीकडेच बघत म्हणाला, "मग मंगळवारी मी कशावर गोळी झाडली?"

"कुठे? कधी? मला का नाही बोलावलंस?"

हळूहळू सगळं बाहेर आलं. मंगळवारी संध्याकाळी मचाणावरून त्याला रानाच्या कडेला म्हातारा नर दिसला. मान झुकलेली, पोट लोंबलेलं, अगदी हवा तसा. त्याने बार काढला. खाली उतरून बघितलं तर ना रक्त, ना केस. नेम चुकला असं ठरवून तो घरी गेला. गोळी झाडली की चुकली असं वाटलं तरी कुत्रं आणून खात्री करायची, हा आमचा नियम. तो मलाही त्यानेच शिकवला होता. पण कुत्रं आणायचं म्हणजे मला बोलवायचं, आणि गावाला कळायचं.

"रक्त नव्हतं म्हणतोस," मी चिडून म्हटलं. "तुला भिंतीवरची शिंगं नसलेली दिसली नाहीत, पानावरचा थेंब कुठून दिसणार? दोन दिवस झाले! पोटात गोळी घेऊन ते कुठल्या झुडपात पडलं असेल तर?"

"ओरड," तो म्हणाला. "तुझा हक्कच आहे." मग मला ओरडवेना.

सकाळी फटफटल्यावर आम्ही वर गेलो. बुर्गल पुढे, मी मागे, सगळ्यांत शेवटी मामा. वाटभर मला ते जनावरच डोळ्यांपुढे येत होतं. मारायचंच तर एका गोळीत, नाहीतर मचाणावर चढूच नये, हे सांगणारा माणूस माझ्या मागे धापा टाकत होता.

नर उभा दिसला होता त्या जागी त्याने फांदी रोवून ठेवली होती, तेवढी शिस्त सुटली नव्हती. बुर्गलला तिथे सोडलं. तिने नाक जमिनीला लावलं, एक वळसा घेतला, मग मोठा वळसा घेतला आणि परत येऊन माझ्या पायाशी बसली. मी तिला पुन्हा सोडलं. पुन्हा येऊन बसली. इथून कुणी जखमी गेलं नव्हतं. मला एवढं हायसं वाटलं की मी ओल्या गवतात तिच्या शेजारीच बसले.

बसल्यावर ते दिसलं. फांदीच्या जरा मागे उन्मळून पडलेल्या झाडाचं खोड होतं, दोन मुळं वर आलेली, फाटे फुटलेली. बाजूला गोळीचं ताजं भोक. मामा वाकला आणि त्याने भोकात करंगळी घातली.

"खांद्यामागे चार बोटं," तो म्हणाला. "असता तर जागच्या जागी पडला असता."

"नेमात खोट नाहीच तुझ्या."

"टोकं किती?"

मी मोजली. "सात. नाहीतर आठ. एक मोडकं आहे."

तो हसला, मग हसता हसता त्याचे डोळे भरले आणि त्याने टोपी काढली. आमच्याकडे पडलेल्या जनावराच्या तोंडात फर झाडाची डहाळी ठेवतात, शेवटचा घास म्हणून. मामाने डहाळी तोडली आणि खोडाच्या फटीत नीट खोचली. मला ती थट्टा वाटली नाही. मी दुसरी डहाळी तोडली आणि रीतीप्रमाणे टोपीवर ठेवून त्याच्यापुढे धरली. मारणाऱ्याचा मान असतो तो. त्याने ती घेतली, मोडली आणि अर्धी मला दिली. जनावर शोधून काढणाऱ्याला अर्धी द्यायची, ही पण रीतच. माझ्या अर्धीतला तुकडा मी बुर्गलच्या पट्ट्यात खोचला.

मग त्याने रायफलचा बोल्ट काढला, ज्याच्याशिवाय गोळी सुटत नाही, आणि माझ्या तळहातावर ठेवला. चांगला जड होता तो.

"तुझ्या जुन्या दुर्बिणीचं काय करू?" मी विचारलं.

"दे कुणालातरी. तिची काही चूक नव्हती." तो खाली खोऱ्याकडे, गोठ्याच्या दिशेने बघत होता. "आणि सेन्झीला सांग, शिंगं परत लाव म्हणावं. निदान मला दिसतं ते तिथे असू दे."

त्याच दुपारी मी शिडी घेऊन सेन्झीकडे गेले.