कापलेल्या कोपऱ्याचा पासपोर्ट

मित्रांनो, माझ्या कव्हरचा एक कोपरा कात्रीने कापलेला आहे, तेवढ्यावरून मला ओळखाल. मी एक जुना पासपोर्ट आहे आणि नॉटिंगहॅममधल्या एका घरात, फोटोंच्या अल्बममध्ये राहतो.

माझा जन्म नागपूरचा, १९९७ सालचा. पहिल्याच दिवशी माझ्यात सुप्रभाचा फोटो चिकटवला गेला: दोन वेण्या आणि दाबून धरलेलं हसू. पुढची दहा वर्षं मी कपाटात साड्यांखाली काढली. ती फिजिओथेरपिस्ट झाली, तेव्हाही मी तिथेच होतो.

२००७च्या जूनमध्ये माझे दिवस पालटले. माझ्या अकराव्या पानावर ब्रिटनचा व्हिसा लागला आणि आम्ही दोघं तिच्या जयंतमामांकडे आलो. व्हिसा सहा महिन्यांचा, ‘भावी विद्यार्थी’ म्हणून. म्हणजे इथे येऊन कोर्स निवडायचा, प्रवेश मिळाला की मुदतीच्या आत इथूनच विद्यार्थी व्हिसासाठी अर्ज करायचा. नुसतं फिरायला आलेल्याला ही सोय नव्हती. त्याला मायदेशी जाऊनच अर्ज करावा लागे. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने ते पान दोनदा पाहिलं. काय सांगू, माझी छाती फुगली!

पण माझी स्वतःची मुदत संपत आली होती. ऑगस्टमध्ये सुप्रभाला नवा पासपोर्ट मिळाला. माझा कोपरा कापला, वर ‘रद्द’ असा शिक्का मारला. माझ्याबरोबर व्हिसाही गेला, असं घरात सगळ्यांनी धरून चाललं. हॉस्पिटलात डॉक्टर असलेल्या मामांना घरात अडगळ खपत नसे. त्यांनी मला रिसायकलिंगच्या बिनमध्ये टाकलं.

सप्टेंबरात सुप्रभाला एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. वर्ग दोन आठवड्यांवर आलेले. परत जाऊन अर्ज केला तर हे वर्ष हातचं जाणार होतं. तरी मामांनी तिकीट काढलं, तिने बॅग भरली, आणि जागा सोडते म्हणून सांगायला ती विद्यापीठात गेली. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, “रद्द पासपोर्ट झालाय, त्यातला व्हिसा नव्हे. तो मुदतीपर्यंत चालतो. जुना पासपोर्ट घेऊन या.”

ती धापा टाकत घरी आली.

“मामा, माझा जुना पासपोर्ट?”

“अगं, तो गेला बिनमध्ये, महिना झाला. कॅन्सल्ड होता ना!”

“व्हिसा चालू होता, मामा!”

ती जिन्याच्या पायरीवर मटकन बसली. तेवढ्यात श्यामलामामी वरून अल्बम घेऊन आल्या.

“रागावणार नसाल तर सांगते. मी त्याच दिवशी बिनमधून काढला होता. अहो, पोरीचा दोन वेण्यांचा फोटो, तो कसा टाकवेल? कापून चिकटवणार होते, पण कात्री लावायला हात होईना.”

“पंचवीस वर्षं हेच,” मामा म्हणाले. “मी टाकायचं आणि हिने उचलून ठेवायचं.”

“म्हणून तर तुम्ही अजून घरात आहात!”

सुप्रभा रडत होती, ती हसायला लागली.

त्याच आठवड्यात नव्या पासपोर्टबरोबर एकाच पाकिटात बसून मीही अर्जासोबत गेलो. अर्ज मुदतीत गेल्याने सुप्रभाला वर्गाला बसता आलं. नोव्हेंबरमध्ये विद्यार्थी व्हिसा आला, अर्थात त्या नव्याच्या पानावर. माझं अकरावं पान तेव्हापासून खरंच निवृत्त झालं.

मित्रांनो, कोपरा कापलेली वस्तू टाकण्याआधी एकदा उघडून पाहत जा. आणि हेही ध्यानात ठेवा, की मामींना माझ्या अकराव्या पानाचं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी मला जपलं ते दोन वेण्यांसाठी.