चौपदरी घडी

ताईंनी कापडाचा तुकडा पिशवीत टाकलेला मी पहिल्यांदा पाहिला तो सोमवारी, चार वाजून दहा मिनिटांनी. वेळ लिहून ठेवली. मला तशी सवयच आहे.

आमचा कापड रंगवायचा कारखाना. त्यातली तपासणीची खोली लहान, दोनच टेबलं. माझ्या टेबलावर यंत्र असतं. गिऱ्हाइकाचा नमुना आणि आमचं कापड एकामागून एक त्याच्या तोंडाशी धरलं की दोन्ही रंगांतला फरक आकड्यात येतो. एकच्या खाली आला की माल पास. कामगार त्याला मीटर म्हणतात आणि मला मीटरबाई.

दुसरं टेबल ताईंचं. त्या सव्वीस वर्षं याच खोलीत आहेत आणि त्यांच्या टेबलावर काहीच नसतं. त्या कापड हातात घेतात, खिडकीशी जातात, मान तिरकी करतात आणि "जाऊ दे" किंवा "थांबव" म्हणतात. दोघींच्या सह्या झाल्याशिवाय माल बाहेर पडत नाही.

मी दोन महिन्यांचा तक्ता केला होता. एकतीस लॉटपैकी ताईंनी चार अडवले. त्यातले तीन माझ्या यंत्रावरही काठावरच होते. चौथा मात्र नव्हता. एका दवाखान्याच्या पडद्यांचं ते कापड, फिकं हिरवं. फरक ०.४. डोळे मिटून पास करावा असा.

"ताई, सही?"

"थांब जरा. बरं नाही वाटत."

"तुम्हाला?"

"मला काय धाड भरलीय? कापडाला."

"पण कारण काय?"

"कारण असतं तर दिलं नसतं का तुला? मुठीत दाबून ठेवून मी काय करू?"

आणि त्याच संध्याकाळी त्यांनी तोच तुकडा पिशवीत टाकला. दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर आमच्या स्पर्धकाचं नवं रंगपत्रक पडलेलं दिसलं. त्यात वरून तिसरा चौकोन आमचाच हिरवा. माझ्या मनात पाल चुकचुकली. माल अडवायचा, तेवढ्यात नमुना बाहेर पोचवायचा. सगळं कसं बरोबर जुळत होतं. 'बरं नाही वाटत' हे कारण तर कुणाला तपासताही येणार नव्हतं.

मी साहेबांना सांगितलं.

"सव्वीस वर्षांचं माणूस आहे ते," साहेब म्हणाले. "उगाच बोट दाखवू नकोस. पुरावा आहे?"

"आणते."

बुधवारी सुट्टी झाल्यावर मी ताईंच्या मागे निघाले. वीस पावलांचं अंतर ठेवलं. चौकात त्या एका हिरव्या दारासमोर थांबल्या, तुकडा काढून दाराशेजारी धरला, परत ठेवला. खूण असणार, मी म्हटलं. दार मात्र उघडलं नाही. पुढे त्या एका गल्लीत वळल्या आणि जिना चढू लागल्या. दुसऱ्या मजल्यावरून त्यांचा आवाज आला.

"दम लागला असेल तर टेकून घे हो. चौकापासून चपला ऐकतेय. डावी घासते तुझी."

पळून जाण्यात अर्थ नव्हता. मी वर गेले.

एकच खोली, पण आत पाऊल टाकताच खांदे सैल झाले. कशामुळे, ते मला लगेच सांगता येईना. भिंती पांढऱ्याच, पण तीन वेगवेगळ्या छटांच्या होत्या, अंधाऱ्या कोपऱ्यातली सगळ्यात उजळ. बहुतेक सामान जुनं, तरी एकही वस्तू आड आलेली वाटत नव्हती. खिडकीशी पलंगावर एक म्हातारी उशांना टेकून बसली होती आणि गडद निळ्या वाटीतून दही खात होती.

"माझ्या सासूबाई," ताई म्हणाल्या.

"ही कोण गं?"

"कारखान्यातली. माझ्यावर नजर ठेवायला आलीय."

"मग चहा टाक की. उभ्याउभ्या काय नजर ठेवणार?" सासूबाई हसल्या. गाल छान गुलाबी झाले.

मी वाटीकडे बघतेय हे ताईंनी हेरलं. "पांढऱ्या वाटीत दिलं तर अर्धं तसंच राहायचं. डॉक्टर म्हणाले, भूक गेली. मला वाटलं, वाटी बदलून बघू."

पांढऱ्यात पांढरं, आणि अधू डोळे. दही त्यांना दिसतच नसणार. कारण मला दोन सेकंदांत सापडलं, पण वाटी मी बदलली नसती.

ताईंनी पिशवीतून तो तुकडा काढला आणि कपडे वाळवायच्या चिमट्यांनी खिडकीला लावला. पश्चिमेचं ऊन त्यातून आत आलं.

"आता आईंकडे बघ."

मी पाहिलं आणि माझा हात आपोआप त्यांच्या मनगटाकडे गेला, नाडी बघायला. गालांवर हिरवट पिवळी छटा आली होती आणि ओठांना रंगच उरला नव्हता.

"काय झालं?" सासूबाईंनी विचारलं. "मेले की काय मी?"

"नाही हो, आई. पडदा वाईट आहे."

ताईंनी चिमटे काढले. गुलाबी परत आला.

"खोलीत खिडकीशी धरलं तेव्हा माझाच हात आजारी दिसला," त्या म्हणाल्या. "पण आपल्या खिडकीसमोर पिवळी भिंत. म्हटलं, तिचा रंग उतरला असेल. वाटेत त्या दाराशी धरून बघितलं. समोरून उजेड पडला की झकास दिसतो, तुझं मीटर म्हणतं तस्सा. मग इथे लावला. सोमवारी, काल, आज. एका दिवसाच्या उन्हावर काय विश्वास?"

मी चहाचा कप खाली ठेवला. यंत्राखाली कापड आम्ही चार पदरी घडी करून धरतो. उजेड आरपार जाऊ नये, असा नियमच आहे. गिऱ्हाइकाचा नमुना जाड होता. आमच्या पातळ कापडावर फरकाचा आकडा खाली यावा म्हणून मीच पिवळा रंग वाढवायला सांगितला होता. पडदा चार पदरी टांगत नाहीत, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

"आणि स्पर्धकाच्या रंगपत्रकातही हाच हिरवा कसा?" मी विचारलंच.

"दवाखान्याने नमुना दोन्हीकडे दिला असेल. एकाच कारखान्यावर कोण विसंबून राहतं?" ताई थांबल्या. "अच्छा. म्हणून आलीस होय."

गुरुवारी सकाळी मी साहेबांना सांगायच्या आत साहेबांनी घाई केली. मी फाटकापाशी पोचले तेव्हा ताईंची पिशवी पहारेकऱ्याच्या टेबलावर उलटी केलेली होती. रुमाल, औषधाची बाटली, हिरवा तुकडा. भोवती अख्खी पाळी उभी. ताई कुणाकडेच बघत नव्हत्या.

"हे काय, ताई?" साहेबांनी तुकड्याकडे बोट दाखवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू काल गेलीस ना? सांग."

मी तुकडा उचलला आणि पहारेकऱ्याच्या खिडकीवर ताणून धरला. सकाळचं ऊन थेट होतं.

"साहेब, हात इकडे आणा."

"काय पोरखेळ—"

"आणा तर."

त्यांनी हात पुढे केला, पाहिला, उलटा केला. मग झटकन मागे घेऊन पँटला पुसला, जणू काही लागलं होतं.

"यंत्र काय म्हणतं?"

"यंत्राला मी हे विचारलंच नव्हतं. चूक माझी आहे. चोरीचा संशयही माझाच होता." सगळ्यांदेखत बोलले, कारण पिशवीही सगळ्यांदेखत उलटी झाली होती.

लॉट परत रंगवायला गेला. ताईंनी सामान एकेक करून पिशवीत भरलं. मी माफी मागितली तेव्हा म्हणाल्या, "तुझी नजर बारीक आहे, मीटरबाई. जरा कापडाकडेही वळव."

त्यानंतर रोज चार वाजता त्या माझ्या टेबलाशी येत, पिशवीचं तोंड उघडून धरत. "बघून घे." मी म्हणायची, राहू दे. त्या तशाच उभ्या राहायच्या. मग मी बघायची. रुमाल, बाटली. हे नऊ दिवस चाललं.

दहाव्या दिवशी त्यांनी पिशवी उघडली नाही. माझ्यासमोर करड्या कापडाचा एक तुकडा ठेवला. शाळेच्या खुर्च्यांसाठी होतं ते. यंत्रावर पास, फरक ०.३.

"कसं वाटतं?"

माझा हात यंत्राकडे गेला. त्यांनी तळवा मध्ये घातला.

"ते झालं. तुला कसं वाटतं?"

मी बराच वेळ बघत राहिले. "थोडं... ओलं वाटतं. वाळलंच नाही असं. मूर्खपणा आहे ना?"

"कुणास ठाऊक. घरी ने. उद्या सांग."

मी तुकडा माझ्या पिशवीत टाकला. चार वाजून बारा मिनिटांनी फाटकाशी पोचले. पहारेकऱ्याने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि टेबलावर टिचकी मारली.

"पिशवी उघडा, मीटरबाई."

मी उघडली. त्याने तुकडा दोन बोटांत धरून वर केला.

"हे कशाला नेताय?"

"खुर्चीवर टाकून बघायला."

"का?"

"कारण अजून माहीत नाही," मी म्हटलं. त्याला ते मुळीच पटलं नाही. त्याने वही ओढली आणि वेळ लिहून घेतली.