बग्गी त्यांची, मत आपलं

निवृत्तीनंतर गुरुनाथ अमेरिकेतल्या ॲन आर्बर गावच्या सिटी काउन्सिलच्या निवडणुकीला उभे राहिले, तेव्हा शुभाला कौतुकच वाटलं. घरात बसून बायकोचं डोकं खाण्यापेक्षा माणूस कामाला लागला, बरंच झालं. पण त्यांचं पत्रक वाचलं आणि ते कौतुक तिथेच संपलं. 'रविवारच्या रिकाम्या बस बंद करा', ही पहिलीच मागणी.

त्याच बसने शुभा दर रविवारी मराठी शाळेत बाराखडी शिकवायला जायची. तिला गाडी येत नव्हती. गुरुनाथांनी एकदा शिकवायला घेतली होती, पण त्यात संसार मोडायचाच काय तो राहिला होता.

"अहो, मग मी शाळेत कशी जाणार?"

"मी सोडेन ना! त्यात काय एवढं?"

हे 'सोडेन' तिच्या चांगलंच ओळखीचं होतं. रविवारी हा माणूस उन्हं वर आल्याशिवाय पांघरुणातून नाक बाहेर काढत नसे.

त्या आठवड्यात ओळखीतली कादंबरी जेवायला आली. ही पोरगी इथल्या युनिव्हर्सिटीत इतिहास शिकत होती. सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या गिरणगावांत नगरपालिकेच्या निवडणुका कशा व्हायच्या, हा तिचा विषय.

"काका, श्रीमंत कॅन्डिडेट मतदारांना आणायला बग्ग्या पाठवायचे. कामगार मस्त बसून यायचे आणि आत जाऊन खुशाल दुसऱ्यालाच व्होट करायचे."

"नमकहराम लेकाचे!" गुरुनाथ खो खो हसले.

"त्यात नमक कुठलं? बग्गी त्यांची, मत यांचं," शुभा म्हणाली आणि तिने आमटी वाढली.

मतदानाच्या दिवशी गुरुनाथांनीच तिला गाडीतून नेलं. आत मतपत्रिकेसमोर ती पेन धरून उभी राहिली. थंडीत दारोदार फिरून नवऱ्याचे ओठ फुटले होते, ते तिने पाहिलं होतं. वाईट वाटलं तिला, फार वाईट वाटलं. पण आठवड्यातली तेवढी एक सकाळ तिची स्वतःची होती, कुणी सोडण्या-आणण्याची नव्हती. तिने दुसऱ्या नावापुढचं वर्तुळ काळं केलं आणि गाडीत येऊन नवऱ्याशेजारी बसली.

गुरुनाथ सपाटून आपटले.

रविवारी ते चक्क लवकर उठले. "चल, सोडतो."

"नको, बस आहे."

तिच्यामागोमाग कोट चढवून तेही स्टॉपवर आले. "बघू तरी, आपल्याला पाडणारी बस आहे कशी ते."

शुभाला राहवेना. "अहो, माझंही मत तिलाच होतं."

गुरुनाथ कोटाचं बटण लावता लावता तिच्याकडे वळले. "माझ्याच गाडीतून येऊन?"

"तुमच्याच."

बस आली. ती खरंच रिकामी होती. गुरुनाथ पायरीवर खिसे चाचपत उभे राहिले. इतकी वर्षं या गावात राहून भाडं कुठे टाकायचं हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

"सरका," शुभा म्हणाली आणि तिने दोघांचं भाडं पेटीत टाकलं. "आज मी नेते तुम्हाला."