आयव्हर हॉगनची पावलं

"हॉगनचे हात फक्त साडेबत्तीस इंच," म्हणत यॅन्सीने कागद टेबलावर टाकला. "असा टॅकल आपल्याकडे महिनाभर टिकायचा नाही. पुढचं नाव घ्या."

"थांबा," डेल्मर प्रुएट म्हणाला.

बैठकीच्या खोलीतल्या पंधराच्या पंधरा माणसांनी वळून पाहिलं. एकोणतीस वर्षं डेल्मर या अमेरिकन फुटबॉल संघासाठी कॉलेजांतली पोरं पारखत मोटार हाकत होता. अहवाल लिहायचा, पाठवायचा आणि भिंतीकडच्या खुर्चीत गप्प बसायचं, असा त्याचा खाक्या. त्याच्या किती अहवालांना केराची टोपली मिळाली, त्याचा हिशेब त्याने कधी ठेवला नाही.

यॅन्सी निवडप्रमुख, वयाने डेल्मरच्या मुलाएवढा. तो हसला. "तुम्ही जूनमध्ये निवृत्त होणार, तळ्यावर मासे धरत बसणार. जाता जाता हे लोढणं आमच्या गळ्यात कशाला?"

खोलीत खसखस पिकली. डेल्मरचे कान तापले, पण तो उभा राहिला.

"टॅकलचं काम काय? आपला क्वार्टरबॅक चेंडू फेकेपर्यंत त्याच्यावर धावून येणाऱ्याला अडवायचं. हॉगनने अकरा सामन्यांत एकालाही पोचू दिलं नाही."

"कसल्या चिल्लर कॉलेजांविरुद्ध खेळतो तो!"

"म्हणूनच मी त्याच्या घरी गेलो."

नोव्हेंबरात तो साउथ डकोटात गेला होता. वारा हाडं फोडत होता. आयव्हर वासरांना गाईंपासून वेगळं करत होता. फाटकात एकटा उभा, हात खाली सोडलेले. वासरू आलं की बाजूला सरायचा. गाय घुसू लागली की तिच्या आधी तिथे हजर. डावीकडे, उजवीकडे, छोटी छोटी पावलं, एकदाही पायात पाय नाही. हातातली कॉफी गार झाली तरी डेल्मर तासभर कुंपणाशी खिळून राहिला होता.

"हात लावत नाहीस रे?" त्याने विचारलं होतं.

"हात लावला की बिथरते, सर. आपण आधी पोचायचं, बस्स."

डेल्मरने हे सांगताच कोपऱ्यातून कुणीतरी हंबरलं. सगळे खो खो हसले. डेल्मरने पिझ्झाच्या रिकाम्या खोक्याचं झाकण फाडलं आणि पडद्याजवळ जाऊन उभा राहिला.

"त्याचा शेवटचा सामना लावा."

चित्रफीत सुरू झाली. डेल्मरने पुठ्ठा असा धरला, की आयव्हरचं कमरेवरचं अंग झाकलं जावं. उरले फक्त पाय. समोरचा गडी आत घुसू पाहायचा, बाहेरून वळसा घ्यायचा, गिरकी मारायचा. ते पाय दर वेळी त्याच्या वाटेत. हसणं विरलं. डेल्मरचे खांदे भरून आले, तरी पुठ्ठा हलला नाही.

"परत लाव," यॅन्सी म्हणाला.

तिसऱ्यांदा पाहून झाल्यावर टॅकलांना शिकवणारा बुजुर्ग प्रशिक्षक, बर्डेट, पुटपुटला, "हे मला दहा वर्षांत कुणाला शिकवता आलेलं नाही. द्या मला हा पोरगा."

यॅन्सीने टेबलावरचा कागद उचलला.

सगळे संघ आळीपाळीने कॉलेजांतली पोरं उचलतात, त्या निवडीच्या तिसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी, पाचव्या फेरीत संघाची पाळी आली. यॅन्सीने चिठ्ठीवर नाव लिहिलं आणि फोन डेल्मरपुढे सरकवला. असा फोन नेहमी निवडप्रमुखच करायचा.

"तुम्ही करा, डेल्मर. मी त्याच्या आखूड हातांवरच अडलो होतो."

आयव्हरच्या आईने फोन घेतला. डेल्मरने नाव सांगितलं, संघ सांगितला. मग तिची हाक, दार आपटल्याचा आवाज, कुत्र्यांचं भुंकणं, धावत येणारे जड बूट.

"सर?" आयव्हरला धाप लागली होती. "खरंच?"

"खरंच, पोरा. सामान बांध."

त्यावर पलीकडून अशी आरोळी आली, की डेल्मरने फोन कानापासून दूर धरला. खोलीतल्या सगळ्यांना ती ऐकू गेली. बर्डेट उठून उभा राहिला, मग यॅन्सी, मग सगळेच. डेल्मरने फोन हळूच खाली ठेवला आणि चष्मा काढून शर्टाच्या टोकाने बराच वेळ पुसत राहिला.